साडूचा बंब कंपनीनं परत मागवला तेव्हा

माझ्या साडूला नवा बंब मिळाला त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, "बरं वाटत न्हाय का?" मी म्हणालो, "उन्हात फिरलो." खरं तर दिवसभर आभाळ आलेलं होतं, आणि ते तिलाही दिसत होतं.

हेवा वाईट असं लोक म्हणतात. म्हणोत. मी बारामतीत आयुष्यभर आगीचा बंब चालवला आणि त्या नोकरीत हातून जे बरं काम झालं, त्यातलं निम्मं तरी कुणाच्या तरी नाकावर टिच्चून दाखवायचं म्हणून झालं. निवृत्त माणसानं आता खोटं कशाला बोलायचं?

अंकुश माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, विमलचा नवरा. इंदापूरला कचऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. आमची सासुरवाडी कन्हेरीची. सासरे, म्हणजे आबा, कुणी पाहुणा आला की मला ओट्यावर बोलावून घ्यायचे आणि सांगायचे, "हे आमचं थोरलं जावई. बारामतीचा बंब ह्यांच्याच हातात हाय." पाहुणा माझ्याकडे आदरानं बघायचा. अंकुश तिथंच खांबाला टेकून उभा असायचा. त्याच्याबद्दल आबा सांगायचे, "आन हे धाकटं. इंदापूरला असत्यात." पुढं काही नाही. मला हे सगळं फार बरं वाटायचं.

आमचा धंदा बाहेरच्यांना वाटतो तसा नाही. लोकांना वाटतं, बंब म्हणजे पाण्याचा टँकर आणि वर घंटा. टाकीतलं पाणी बघता बघता संपतं. खरी कला पुढं आहे. विहीर कुठं आहे, कालव्याची चारी कुठं आहे, तिथवर गाडी जाईल का, गेली तर रुतेल का, हे ज्याला कळतं तो ड्रायव्हर. पाण्यात सक्शनचा जाड पाइप सोडायचा, गाडी जागेवर उभी ठेवायची आणि तिच्याच इंजिनावर पंप चालवायचा. म्हणजे गाडी हलत नाही, पण इंजिन घाटात ओरडावं तसं ओरडत असतं. फायरमन नळी घेऊन पुढं जातात, त्यांचं नाव होतं, फोटो निघतो. ड्रायव्हर मागच्या बाजूला पंपाच्या काट्यांकडे बघत उभा असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

माझी गाडी जुनी होती. बॅटरीचा भरवसा नव्हता, म्हणून ती मी नेहमी उतारावर लावायचो. आगीची वर्दी आली की ब्रेक सोडायचा आणि देवाचं नाव घेऊन गिअर टाकायचा. माझा फायरमन सिद्धार्थ, हा आमच्या ठाण्यातला सगळ्यात शिकलेला माणूस, म्हणायचा, "तात्या, आपण आगीपर्यंत पोचतो हाच चमत्कार हाय. विझवणं तर सोपं हाय."

नाना तऱ्हेची माणसं भेटायची. एकदा मोरगावच्या पुढच्या एका वस्तीवरून फोन आला. आम्ही धावत गेलो. बघतो तर मोकळ्या माळावर कवळाभर कडबा व्यवस्थित रचून पेटवलेला. बाजूला एक म्हातारी कोंबड्या डालग्याखाली झाकून शांतपणे बसलेली. आणि तिच्या मागं सिमेंटचा कोरडा ठणठणीत हौद, आतून झाडून स्वच्छ केलेला. आम्ही दोन मिनिटांत आग विझवली, तशी म्हातारी उठली. "लांबून आला बाबांनो. आता उरल्यालं पाणी हौदात सोडा. माघारी वज्जं कशाला न्यायचं?" सिद्धार्थ हसून हसून खाली बसला. आम्ही पाणी सोडलं. त्या भागात प्यायला पाणी नसताना टाकी भरून परत नेण्याएवढे आम्ही निबर नव्हतो.

ही गोष्ट मी सासुरवाडीला हमखास सांगायचो आणि ती हमखास चालायची. मग इंदापूरला नवा बंब आला, त्यावर अंकुशची नेमणूक झाली आणि माझ्या गोष्टींना गिऱ्हाईक राहिलं नाही.

पंप चालवायला तो माझ्याकडूनच शिकला, हे जखमेवर मीठ. आमच्या ठाण्यात येऊन राहिला, माझ्या घरी जेवला. मी त्याला सक्शन कसं धरायचं, प्रेशर कसं चढवायचं, नळीवरच्या माणसाला हिसका बसू नये म्हणून व्हॉल्व्ह किती हळू उघडायचा, हे सगळं शिकवलं. हातचं राखून काही ठेवलं नाही. आपण गुरू आहोत या गुर्मीत मी होतो. त्याची गाडी कसली असणार आहे हे मला माहीत असतं, तर कदाचित मी इतका उदार झालो नसतो.

ती गाडी मी पहिल्यांदा कन्हेरीत पाहिली. इंदापूरला नेण्याआधी हा बाबा ती सरळ सासऱ्याच्या दारात घेऊन आला होता. लालभडक रंग, काचा तशाच कागद चिकटवलेल्या. किल्ली फिरवली की सुरू. टपावर फिरती तोफ, जिच्यातून पाणी थेट माडीच्या वर जाईल. आणि सायरनला जोडून माइक! अंकुश केबिनमध्ये बसून माइकवर म्हणाला, "आबा, भाईर या." सगळा गाव बाहेर आला. आबा गाडीभोवती फिरले, चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचीबी कवा बदलून देणार हायेत का न्हाय?"

नव्याचे नऊ दिवस म्हणून मी मनाची समजूत घातली. नऊ दिवस गेले, महिने गेले, ती गाडी नवीच राहिली. अंकुश तिला रोज धुवायचा. कुठं आग लागली की इंदापूरची गाडी आधी पोचायची. आमच्या हद्दीत लागली तरी! लोक मला म्हणायचे, "ती गाडी आली न्हाय का? ती माइकवाली?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि मग त्या उन्हाळ्यात कंपनीचा मिस्त्री आला.

जीप घेऊन तो गावोगावच्या ठाण्यांत फिरत होता. त्यानं माझी गाडी पाहिली, हसला आणि म्हणाला, "ही आमची नाही. इंदापूरला आहे ना एक?" मी म्हटलं, आहे, काय झालं? चहा पिता पिता त्यानं सगळं सांगितलं. त्या घडणीच्या गाड्यांमध्ये बॅटरीची जाड केबल सायलेन्सरच्या पाइपाला फार जवळून गेलेली. रस्त्यावर पळताना वारा लागतो, काही होत नाही. पण गाडी जागेवर उभी करून पंप फार वेळ चालवला, तर पाइप लालबुंद होतो, केबलवरचं रबर वितळतं आणि केबिनच्या खाली आग लागते. दुसऱ्या एका जिल्ह्यात तसं झालं होतं. म्हणून कंपनी सगळ्या गाड्या स्वतःच्या खर्चानं परत मागवत होती. केबलची वाट बदलायची, मधे पत्रा ठोकायचा आणि गाडी परत.

विकलेला माल कंपनी आपणहून परत मागते, हे आमच्याकडे तोवर कुणी ऐकलं नव्हतं. मी मिस्त्रीला अजून एक चहा पाजला. मग भजी मागवली. मला झालेला आनंद मी लपवत नाही. आग विझवणारी गाडी, आणि तीच पेटणार! इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

त्या वर्षी अधिक महिना आला होता. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावतात. पुरणाचे धोंडे, अनारशाचं वाण, कपड्यांचा आहेर. कन्हेरीला पंगत बसली. अंकुशचं ताट माझ्या आधी मांडलं होतं. ते मी पाहिलं, आणि सांगायला मी चांगला मुहूर्त शोधत होतो तो मला सापडला.

"अंकुशराव," मी म्हणालो, "गाडी परत धाडायची म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"कंपनीचा माणूस आला हुता. तुमची गाडी पेटती म्हणला." आणि मी हसलो. मला आवरलंच नाही. "घरी आग, आन दारी बंब. तुमाला वर्दी द्यायला बी लांब जायला नको."

पंगतीत काही लोक हसले. विमलनं वाढता वाढता हात थांबवला. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी ताटात अन्न टाकून उठलोय. अंकुश शांतपणे म्हणाला, "कळवलंय त्येनी आमालाबी. उन्हाळा सरल्यावर बघू. आत्ता गाडी धाडली तर तालुक्यानं काय फुंकून आग विजवायची?"

"पन धोका हाय."

"धोका हाय व्हय," तो म्हणाला. "आन तुमाला लई काळजी."

इंदापूरच्या चौकात तर भलतीच बोलवा उठली. ही बारामतीकरांची चाल आहे, गाडी एकदा तालुक्याबाहेर गेली की परत यायची नाही, तिकडचाच कुणीतरी ठेवून घेईल. आमची जुनी गाडी सगळ्यांना माहीत होती आणि माझं तोंडही. त्यामुळे ही अफवा खरी वाटायला फार काही लागलं नाही. अंकुशच्या साहेबांनाही भर उन्हाळ्यात तालुका बंबाशिवाय ठेवायचा नव्हता. गाडी राहिली.

अधिक महिना संपायच्या आत ती आग लागली. बारामती-इंदापूर रस्त्याला लागून एक वस्ती आहे. तिथं एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंज्या ओळीनं लावलेल्या होत्या, त्यांना लागूनच गोठा आणि घर. भर दुपार, वारा सुटलेला. दोन्हीकडच्या गाड्या बोलावल्या. गंजीची आग कपटी असते. वरून विझली असं दिसतं आणि आतून चालत राहते. लोखंडी आकड्यांनी गंजी ओढून मोकळी करायची आणि पाणी मारत राहायचं, तासन्तास. त्यासाठी गाडी एका जागी उभी करून पंप चालूच ठेवावा लागतो.

मी पोचलो तेव्हा अंकुश अर्थातच आधी पोचलेला होता. गाडी चारीच्या भरावर लावून त्यानं सक्शन पाण्यात सोडलेलं, पंप पूर्ण जोरात, टपावरच्या तोफेतून पाणी गोठ्याच्या छपरावर पडतंय. काम सुरेख चाललं होतं. मीच शिकवलेलं होतं, पण मला स्वतःला इतक्या झोकात कधी करता आलं नव्हतं. माझी गाडी मी मागं लावली आणि सिद्धार्थनं आमची नळी ओढली.

मी अंकुशच्या गाडीजवळून गेलो तेव्हा मला वास आला. कडबा जळतो त्याचा वास गोडसर असतो. हा तो नव्हता.

"अंकुश, पंप बंद कर. इंजिन बंद कर."

काट्यांवरून नजर न काढता तो म्हणाला, "छपराला झळ लागलीया. आत्ता बंद करू?"

"रबर जळतंय. तुझ्या गाडीत."

"हितं बी सुरू झालं का तुमचं?"

तेवढ्यात केबिनच्या खालून बारीक निळसर धूर निघाला. मी सिद्धार्थकडे वळून ओरडलो, "नळी फिरव! गाडीवर मार!"

"गंजी सोडून, तात्या?"

"गाडीवर मार म्हणतो ना!"

त्यानं मारलं. आणि जमलेल्या माणसांत एकच गिल्ला झाला. "अरं, ह्यो बारामतीचा काय करतुया? आपल्या गाडीवर पाणी मारतुया!" "जळतंय त्येच्या पोटात, दुसरं काय!" एकानं धावत येऊन आमची नळी पायाखाली दाबली, दुसऱ्यानं ती मुरगळून धरली. पाणी बंद. ते त्यांच्या परीनं बरोबरच वागत होते. माझ्यासारख्या माणसाबद्दल त्यांनी दुसरं काय समजायचं?

अंकुशला एव्हाना धूर दिसला होता. तो पंप सोडून धावला आणि केबिनमध्ये चढला. गाडी गोठ्यापासून लांब न्यायची होती त्याला, सक्शन तसंच पाण्यात असताना. त्यानं क्लच दाबला, आणि पायाखालचा पत्रा फाटून ज्वाळा वर आली, त्याच पायाशी. मी दार उघडलं तेव्हा त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि तो सोडत नव्हता. मी त्याची कॉलर धरली, सिद्धार्थनं कंबर धरली. आम्ही त्याला उपटून काढला. नळी मुरगळणाऱ्याचे हात आपोआप सुटले. मग सगळं पाणी आम्ही त्या गाडीवर ओतलं आणि केबिन जळून गेली तरी टाकी आणि पंप वाचले.

वस्तीवरचा शेतकरी कमरेवर हात ठेवून उभा होता. "एक बंब दुसऱ्या बंबाला विजवतुया," तो म्हणाला, "आन माजी गंजी चाललीया." गोठा आणि घर वाचलं. गंज्या गेल्या. त्याचं वाईट मला आजही वाटतं, कारण गावाकडे कडबा म्हणजे जनावरांचं वर्षाचं जेवण असतं.

त्याच आठवड्यात कंपनीनं जळकी गाडी ट्रेलरवर चढवून नेली. या वेळी चौकात कुणी काही बोललं नाही. अंकुशला बारामतीत दवाखान्यात ठेवलं होतं. डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत भाजलेला. मी डबा घेऊन जायचो. विमल डबा घ्यायची आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. एक दिवस तिनं तोंड उघडलं.

"दाजी, सांगायचं हुतं तर नीट सांगायचं. हासत कशाला सांगितलं?"

अंकुशच खाटेवरून म्हणाला, "त्येंनला काय बोलू नगंस. पानी आन जा."

ती गेल्यावर त्यानं मानेखालची उशी सारखी केली.

"तुमी पंगतीत सांगितलं ना," तो म्हणाला, "त्याच दिवशी मी गाडीखाली वाकून बघितलं हुतं. पंप चालवून बघितला. केबलला हात लावला, चटका बसला."

"म्हणजे तुला पटलं हुतं?"

"तवाच."

"मग धाडली का न्हाय? साहेबाला तू नुसतं म्हणला असतास तरी..."

"धाडली असती तर तुमी जितला असता." तो माझ्याकडे वळला. "ट्रॅक्टरवर हुतो तवा आबा आल्यागेल्याला तुमाला दाखवायचे. मी तितंच खांबापाशी असायचो. तुमी कवा बघितलं का माज्याकडं? न्हाय बघितलं. किती वर्सं मी तुमचा बंब बघून जळलो ते मला ठाव. आन आता कुठं तुमच्यापरीस मोठी गाडी आली, ती तुमच्या एका हसण्यावर परत करू?"

मला वाटत होतं आमच्या दोघांत हेवा करणारा मी एकटाच आहे. तेच माझं दुखणं आणि तोच माझा मान. आणि हा माणूस माझ्याही किती तरी आधीपासून तेच करत होता, एक शब्द न बोलता. म्हणजे त्यातही तो माझ्या पुढं. मला त्याचा रागच आला. रडूही आलं. मी डब्याचं झाकण लावत बसलो आणि ते बसेना.

पाय बरा झाला, पण क्लच दाबण्याइतका नाही. अवजड गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली. इंदापूरला त्याला पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह उघडायच्या कामाला लावलं. सासुरवाडीला आता आबा कुणालाच पाहुण्यांसमोर बोलवत नसत.

पावसाळा उलटल्यावर गाडी परत आली. नवी केबिन, पुन्हा लालभडक. केबल दुसऱ्या बाजूनं नेलेली, मधे पत्र्याचा एक हातभर तुकडा. एवढंच काम होतं, वीतभर वाट बदलण्याचं. त्या दिवशी मी रजा टाकून एस. टी. नं इंदापूरला गेलो. का, ते मला विचारू नका. अंकुश गाडीकडे गेला नाही. समोरच्या हॉटेलाच्या बाकावर बसला होता, भाजलेला पाय पुढं सोडून. मीही त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

गाडीला हार घातला, नारळ फोडला. नवा ड्रायव्हर इंदापूरचाच होता, बरा माणूस होता, आम्हा दोघांनाही त्यानं लांबून नमस्कार केला. मग तो केबिनमध्ये चढला. लोक माइकवर बोल म्हणाले, तो बोलला. लोक हसले. त्यानं गाडी सुरू केली आणि ती एक हिसका देऊन पुढं सरकली.

अंकुशनं कप खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, तरी त्याच्या चेहऱ्यावर काय असणार ते मला ठाऊक होतं. माझ्याही चेहऱ्यावर तेच होतं.

"क्लच सोडता येत न्हाय त्याला," तो म्हणाला.

"आजिबात येत न्हाय," मी म्हणालो, आणि दोन चहा अजून सांगितले.